ब्लॉग अजून चालू ठेवायचा का?

मी एटोबिकोहून बोलतोय. व्यवसायाने आयटी कन्सल्टंट आहे, त्याआधी पुण्यात एमबीए केलंय. त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की आधी तिचा खर्च मांडायचा आणि मग तिच्यातून येतं काय ते बघायचं, ही खोड अंगात मुरलेली आहे. कार्यक्रमाच्या मंडळींनी विषय दिला, की आजच्या काळात स्वतःचा ब्लॉग चालवण्यात काही अर्थ उरलाय का? तर आधी हिशेबच मांडतो.

मी २००९ च्या फेब्रुवारीत टोरांटोला उतरलो आणि महिन्याभरात ब्लॉग सुरू केला. आजवर दोनशेच्या वर लेख झाले. डोमेन, म्हणजे ब्लॉगचं स्वतःचं नाव, त्याचे वर्षाला वीसेक डॉलर. जागेचं भाडं वेगळं. एका लेखाला सरासरी तीन तास धरले आणि माझा कामाचा तासाचा दर लावला, तर आकडा असा येतो की तो मी घरात मोठ्याने उच्चारत नाही. आवक शून्य. एके काळी दिवसाला शंभर-दीडशे माणसं वाचायला यायची, आता दहा-बारा येतात, त्यातली निम्मी माणसं नसून यंत्रं असतात. माझ्या एखाद्या क्लायंटने असा प्रकल्प समोर ठेवला असता तर मी पंधरा मिनिटांत 'बंद करा' असा सल्ला दिला असता आणि त्याचं बिलही लावलं असतं.

तरीही मी पुढच्या महिन्यात डोमेनचे पैसे भरणार आहे. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

तुमच्यातल्या चाळिशीपुढच्या लोकांना आठवत असेल, की संगणकावर मराठी लिहिणं हीच एके काळी मारामारी होती. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी. ज्या फॉन्टात लिहिलं तो समोरच्याकडे नसला की त्याला इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता भुसा दिसायचा. युनिकोड रुळला आणि ही अडचण संपली. देवनागरी कुठूनही लिहा, कुठेही वाचा. कुणी बरहा वापरायचं, कुणी ओंकार जोशींचं गमभन. ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये निघाली होती, २००३ मध्ये ती गूगलने घेतली, आणि मग ज्याला कुणी संपादक कधी विचारणार नव्हता असा माणूस लिहायला लागला. बँकेतले कारकून, दुबईतल्या गृहिणी, जहाजावरचे अधिकारी, नाशिकचे डॉक्टर. स्टार माझा वाहिनीने 'ब्लॉग माझा' नावाची स्पर्धासुद्धा घेतली होती, आणि ज्याला बक्षीस मिळालं तो ते चिन्ह ब्लॉगच्या कडेला मिरवायचा. लिखाण सगळंच चांगलं होतं असं मुळीच नाही. पावसावरच्या कविता इतक्या, की त्या वाचून छत्री उघडावीशी वाटायची.

मग फेसबुक आलं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. माझ्या मते ब्लॉगची खरी पडझड दुसऱ्याच एका गोष्टीने झाली. गूगल रीडर नावाची एक सोय होती. तुम्हाला आवडणाऱ्या पंचवीस-तीस ब्लॉगांची नावं तिथे द्यायची, कुणी नवीन लिहिलं की ते आपोआप तुमच्यापुढे यायचं. १ जुलै २०१३ ला गूगलने ती बंद केली. पेपर टाकणारा पोरगा एका सकाळी यायचाच बंद व्हावा, तसं झालं. पेपर छापला जात होता, वाचणाराही घरात होता, पण दारात पेपर पडेना. तशी सोय देणाऱ्या दुसऱ्या जागा आहेत, आजही आहेत, पण लोकांनी त्या शोधल्या नाहीत. तोवर हातात फोन आला होता.

आणि फोनमध्ये जे आहे ते आपलं नाही, ही गोष्ट आपण कॅनडात राहणाऱ्यांनी तरी विसरू नये. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला. गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये. याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरात, आणि त्याबरोबर किती मराठी मंडळांचा वीस-वीस वर्षांचा पत्रव्यवहार गेला असेल, कुणास ठाऊक. हे झालं जुनं. ऑगस्ट २०२३ पासूनचं बघा. केंद्र सरकारने ऑनलाइन न्यूज कायदा केला, मेटा कंपनीला तो मान्य नव्हता, म्हणून तिने कॅनडातल्या लोकांसाठी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या बातम्याच बंद केल्या. इथल्याच नव्हे, सगळ्या जगाच्या. साताऱ्याला पूर आलाय आणि मराठी पेपरातली बातमी मी फेसबुकवर लावू बघतोय, तर लागत नाही. सरकार आणि कंपनी यांच्या भांडणात कोण बरोबर, यावर आपण कॉफी पीत तासभर बोलू शकतो. मुद्दा एवढाच, की ज्या भिंतीवर आपण दहा वर्षं लिहीत आलो ती दुसऱ्याच्या घराची होती. घरमालकाने एका सकाळी सांगितलं, इथे खिळा मारायचा नाही. झालं.

व्हॉट्सॅपवर तर नावसुद्धा राहत नाही. २०१२ मध्ये मी एक लेख लिहिला होता. बर्फात पहिल्यांदा गाडी चालवतानाची माझी उडालेली धांदल, द क्वीन्सवेवरून घरी यायला लागलेला दीड तास. चार वर्षांनी तोच लेख आईने मला साताऱ्याहून फॉरवर्ड केला. खाली एका नामवंत लेखकाचं नाव, आणि वर आईची ओळ: 'बघ किती छान लिहिलंय, असं काहीतरी लिहीत जा.' पुलंच्या नावावर तर रोज इतकं फिरतं की ते सगळं त्यांनी लिहिलं असतं तर त्यांना झोपायला वेळ मिळाला नसता. माझ्याकडे निदान माझ्या ब्लॉगचं ते पान होतं, तारखेसकट. आईला पाठवलं. तिने उत्तर दिलं, 'त्यात थोडं बदललंय, ते जास्त चांगलं झालंय.'

आता ब्लॉगवर मी लिहायचो काय? सुरुवातीला सगळं उपयोगाचं. जी-वनची परीक्षा, भारतातल्या लायसन्सचा अनुभव धरला जावा म्हणून आरटीओचं पत्र कसं आणायचं, किपलिंग स्टेशनजवळ भाड्याचं घर बघताना काय विचारायचं, हिवाळ्याचे बूट कुठले. हे लेख तेव्हा प्रचंड वाचले गेले आणि आज ते मेलेले आहेत. मरायलाच हवे होते. नियम बदलतात, सरकारच्या साइटवर ताजी माहिती असते, शिवाय आता गूगलला विचारलं की उत्तर तिथेच वर लिहून मिळतं, कुणाच्या पानावर जायची गरज उरत नाही. एआयला विचारलंत तर ते मराठीतून आणि अधिक नम्रपणे सांगेल. निव्वळ माहिती देण्यासाठी कुणी आज ब्लॉग काढत असेल तर मी त्याला सरळ सांगेन, नको काढूस, बाबा.

पण एक लेख आहे, आई इथे पहिल्यांदा आली तेव्हाचा. हिवाळ्यात तिला चालायला जागा नव्हती, म्हणून मी कामाला जाताना तिला क्लोव्हरडेल मॉलमध्ये सोडायचो. तिथे सकाळी इतर म्हातारी माणसंही फेऱ्या मारायला येतात. तिथे तिला एक पोलिश आजी भेटली. दोघींना एकमेकींचं अवाक्षर कळत नव्हतं. दोन महिने त्या रोज बरोबर चालल्या, एकमेकींना गुडघा दाखवून हळहळल्या, आणि आईने जाताना तिला चिवड्याची पिशवी दिली. त्यात माहिती काहीच नाही. तरी दर हिवाळ्याआधी त्या लेखावर मला एखादी तरी ईमेल येतेच. कुणाचे आईवडील पहिल्यांदा इकडे येणार असतात, आणि मुलगी विचारते, तिथे त्यांचा वेळ जाईल का हो?

हे झालं माझं. मला खरं बोलायचंय ते माझ्या काकाच्या ब्लॉगबद्दल.

काका कोयना प्रकल्पावर कारकून होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये झोपलेला होता. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, २०११ मध्ये मी सुट्टीवर गेलो असताना त्याने मला बसवून घेतलं आणि म्हणाला, तुझ्यासारखं ते पान मलाही काढून दे. काढून दिलं. मराठी टाइप करायला शिकला, एका बोटाने. पाच-सहा वर्षांत एक्केचाळीस लेख लिहिले. त्यातले अकरा भूकंपाचे.

कोयनेच्या भूकंपावर लिहिलेलं काही कमी नाही. धरणाच्या जलाशयामुळे भूकंप होतो का, या प्रश्नावर जगभरचे शास्त्रज्ञ जी उदाहरणं घेतात त्यात कोयना अगदी वरती आहे. कराडजवळ केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, तिथे जमिनीत खोल भोकं पाडून अजून अभ्यास चालू आहे. धक्का किती वाजता बसला, किती तीव्रतेचा होता, सगळी नोंद आहे. काकाने लिहिलं ते वेगळं. थंडीत उघड्यावर काढलेल्या रात्री, पांघरायला गोणपाट. पहिला चहा कुणी केला आणि साखर कुठून आणली. ऑफिसातली रजिस्टरं ढिगातून काढून त्याने आणि दुसऱ्या एका कारकुनाने उन्हात वाळत घातली, कारण पगार त्यावर अवलंबून होता. आणि एक चौकीदार. काच तडकलेला कंदील घेऊन तो अंधारात घराघरासमोर उभा राहून नावाने हाका मारत गेला. जिथून ओ आली तिथून पुढे गेला, जिथून आली नाही तिथे थांबून माणसं गोळा केली. काकाला त्याचं नाव आठवत नव्हतं. लेखात तसं लिहिलंय.

काका २०१९ मध्ये गेला. ब्लॉगचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. चुलतभाऊ म्हणाला, जाऊ दे, कोण वाचतंय. त्याचं चूक नव्हतं. मी नंतर आकडे पाहिले, चौकीदाराचा लेख आठ वर्षांत एकसष्ट वेळा उघडला गेला होता, त्यात दहाएक वेळा तरी मीच असेन. फोटो तर आधीच गेले होते. ते एका फुकट सेवेवर ठेवले होते, ती सेवा गुंडाळली गेली, आणि आता लेखात रिकामी चौकट आणि खाली काकाने दिलेली ओळ, 'डावीकडून दुसरा मी', एवढंच दिसतं.

२०२२ मध्ये मला पाटण तालुक्यातल्या एका शिक्षिकेची ईमेल आली. काकाने ब्लॉगच्या तळाशी 'अडचण आल्यास' म्हणून माझा पत्ता टाकून ठेवला होता. तिने लिहिलं होतं, की तो चौकीदार बहुतेक माझा आजोबा. घरात तो तडकलेला कंदील आहे, कापडाची पट्टी गुंडाळलेला, आणि आजी तो कुणाला टाकू द्यायची नाही, पण का ते तिने कधी सांगितलं नाही. आजोबा त्या रात्रीबद्दल बोलायचेच नाहीत.

मंडळी, मी हिशेबाचा माणूस आहे. एकसष्ट वाचक आणि त्यातली एक ही. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला एमबीएत कुणी शिकवलं नाही.

याचं एक जुनं उदाहरण आपल्याकडे आहेच. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवून कर्ज फेडावं म्हणून १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते आत होते. राजे, सरदार, इंग्रज अधिकारी यांच्या नोंदी ढीगभर, पण एका गरीब भिक्षुकाच्या डोळ्यांनी पाहिलेली ती धामधूम 'माझा प्रवास'मध्येच आहे. हे त्यांनी लिहिलं २५-२६ वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. छापलं गेलं १९०७ मध्ये, तेही वैद्यांनी आपल्या हाताने बरंच बदलून. मूळ मजकूर लोकांसमोर यायला १९६६ साल उजाडलं, दत्तो वामन पोतदारांनी तो काढला. आणि तो काढता आला कशामुळे? मूळ हस्तलिखित जपलेलं होतं म्हणून. ते नसतं तर आज आपण वैद्यांनी दुरुस्त केलेले गोडसे भटजीच खरे समजलो असतो. मघाशी माझ्या आईने ज्याला 'जास्त चांगलं झालंय' म्हटलं, त्याच जातीचा हा प्रकार.

आता एआयचं विचाराल. माझ्या कामात मी ते रोज वापरतो, मला त्याचं वावडं नाही. पण त्याला येणारं मराठी येतं कुठून? कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं त्यातून. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते, आणि मराठी विकिपीडियावरचे लेख आहेत लाखाच्या आसपास. म्हणजे बोलणारे उदंड, लिहून ठेवणारे मोजके. यंत्राला भूकंपावर निबंध लिहायला सांगा, ते झकास लिहील. कंदिलाची काच तडकलेली होती हे त्याला तेव्हाच कळेल, जेव्हा एका बोटाने टाइप करणारा कुणी ते लिहून ठेवील. अर्थात माझं लिखाण यंत्राने न विचारता वाचावं का, हा प्रश्न उरतोच, आणि मला तो अजून टोचतो. पण ते वाचेल म्हणून लिहायचंच नाही, हे मला पटत नाही.

ज्यांना सुरू करायचंय किंवा जुना पडलेला ब्लॉग उघडायचाय त्यांच्यासाठी थोडं कामाचं बोलतो. स्वतःचं डोमेन घ्या. उद्या सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो. ब्लॉगर असो की वर्डप्रेस, सगळे लेख एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय दोन्हीकडे आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, ती फाइल उतरवा. फोटो बाहेरून जोडू नका, ब्लॉगच्याच जागेत ठेवा आणि घरच्या डिस्कवरही. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर आपल्या पानाचा पत्ता टाकून ते जतन करता येतं, पैसे लागत नाहीत. आणि जर सगळं गूगलच्या खात्यावर उभं असेल तर एक ध्यानात असू द्या. दोन वर्षं न उघडलेली खाती पुसायचं धोरण त्यांनी २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. आपण नसताना खातं कुणाच्या हाती द्यायचं हे आधी नेमून ठेवायची सोयही त्यांच्याकडेच आहे, ती वापरा. आपल्याकडे मृत्युपत्रात फ्लॅट असतो, लॉकर असतो, पासवर्ड नसतो.

वाचक किती येतात ते दाखवणारं यंत्र मी माझ्या ब्लॉगवरून काढून टाकलंय. कन्सल्टंटने हे सांगणं म्हणजे वाण्याने तराजू फेकण्यासारखं आहे, पण त्याने लिहिणं सोपं झालं. आणि दर आठवड्याला लिहायलाच हवं असं काही नाही. माझे गेल्या वर्षी चार लेख झाले. टोरांटोचं 'एकता' त्रैमासिक चार दशकांहून जास्त काळ वर्षाला चारच अंक काढतंय, तेवढ्यावर माणसं वाट बघतात. खरं तर ब्लॉग नको वाटत असेल तर तिथे पाठवा, पण लिहा. एटोबिकोत, ब्रॅम्प्टनला, मिसिसागाला सत्तरच्या दशकात आलेली मराठी माणसं आहेत. पहिली पोळीची कणीक कुठून आणली, पहिला गणपती कुणाच्या बेसमेंटमध्ये बसला, हे ज्यांना ठाऊक आहे ती मंडळी आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना टाइप करायला जमत नसेल तर नातवंडांनी फोनवर रेकॉर्ड करावं आणि शनिवारी मराठी शाळेचा गृहपाठ म्हणून उतरवून काढावं. माझी मुलगी अक्षर लावत लावत वाचते, पण काकाचे लेख तिने वाचलेत. तिचा आवडता चहा-साखरेचा आहे.

काकाचा पासवर्ड शेवटी सापडला, काकूला, एलआयसीच्या जुन्या डायरीत, दूधवाल्याच्या हिशेबाच्या पानावर. सगळे एक्केचाळीस लेख उतरवून घेतले. काकूला पडद्यावर वाचता येत नाही, म्हणून पुण्यात चुलतभावाने पंचवीस प्रती छापून घेतल्या, तोच, कोण वाचतंय म्हणणारा. एक प्रत पाटणला त्या शिक्षिकेकडे गेली. तिने कळवलं की चौकीदाराचं नाव आता लेखात घालायचं असेल तर घाला, आणि आम्ही काकाच्या मजकुराला हात न लावता खाली तळटीप म्हणून ते घातलं.